दुरडीतली भाकरी

भाकरी थापणे ही कला आहे, हे सगळेच मान्य करतात. ती ठेवण्याचेही एक शास्त्र असते, याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बार्शी तालुक्यातल्या आमच्या घरी आई तव्यावरून उतरलेली भाकरी कधीच लगेच झाकून ठेवत नसे. चुलीच्या कडेला ती उभी करून आधी वाफ जाऊ द्यायची. मग वेळूच्या दुरडीत धुवट फडके अंथरून भाकऱ्या एकावर एक रचायच्या आणि फडक्याची चारी टोके वर दुमडून घ्यायची. "वाफ कोंडली की भाकरी घामेजती, अन् घामेजली की बुरसती," एवढेच तिचे सूत्र होते. पुढे स्टीलचा डबा आला, तरी तळाशी फडके आणि झाकण किंचित कललेले, ही शिस्त तिने सोडली नाही.

तिच्या सूत्रामागचे कारण मला फार उशिरा कळले. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लूटेन नसते. गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. भाकरी निवू लागली की हा स्टार्च पुन्हा घट्ट बसू लागतो. म्हणजे शिळेपण हे केवळ ओलावा उडून जाण्याने येत नाही. फ्रिजच्या थंडीत ही क्रिया उलट वेगाने घडते. बुरशी लांबते, पण भाकरी लवकर ताठरते. तव्यावर पुन्हा तापवली की ती काही वेळापुरती मऊ पडते, इतकेच. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी तर हा प्रश्नच निकालात काढते. पातळ थापून पूर्ण वाळवलेली ती भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. मऊपणाचा हट्टच नसल्यामुळे तिला शिळेपण शिवत नाही.

परंतु दुरडीला आणखी एक व्यवस्था होती. ताज्या भाकऱ्या वर, कालच्या खाली. वरच्या भाकऱ्या वडिलांच्या आणि आम्हा मुलांच्या ताटात जात. सर्वांत शेवटी आई जेवायला बसे, तेव्हा तिचा हात न पाहताच दुरडीच्या तळाशी जाई. "मला शिळीच गोड लागती," ती म्हणे. आम्ही ते खरे मानले. कालची भाकरी ताकात कुस्करून, बुक्कीने फोडलेल्या कांद्याबरोबर खरोखरच चवीची लागते; त्यामुळे तसे मानणे सोयीचेही होते.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात मी दया पवारांचे 'बलुतं' (1978) शिकवत होते. गावकीच्या कामांच्या मोबदल्यात घरोघर भाकरी मागत फिरण्याच्या प्रथेवर, त्या तथाकथित हक्कावर मी बरेच बोलले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरची शिळी भाकरी कुठं जायची?" "ताकात कुस्करून खायचो आम्ही," असे सांगून मी मोकळी झाले. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते.

कारण दोन दिवसांची, आईलाही खाववत नसे अशी भाकरी मागच्या दारी झाडलोटीला येणाऱ्या बाईच्या पदरात पडे. 'पडे' हेच क्रियापद योग्य. ती हातात दिली जात नसे, वरून टाकली जाई. टाकणारा हात कधी आईचा असे, कधी माझा. आईच्या वयाच्या त्या बाईला आम्ही मुलेही एकेरीत हाक मारत असू. आज तिचे नाव मला आठवत नाही. दुरडीतल्या फडक्याचे काठ निळे होते, हे मात्र आठवते.

1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे उष्टे-शिळे तुकडे नाकारण्याचे आवाहन केले होते. हा संदर्भ मी वर्गात अनेकदा दिला आहे. तो आमच्या मागच्या दाराशी जोडून पाहण्याचे मला सुचले नव्हते. आईने जन्मभर शिळे खाल्ले, याची हळहळ वाटणे सोपे असते. स्त्रीवादी समीक्षेची परिभाषाही हाताशी असते. त्याच आईने आणि तिच्या लेकीने शिळे वरून टाकले, हे लिहिताना मात्र वाक्य अडते. भाकरी ताजी राखण्याची जी दक्षता आम्ही घेत होतो, तिच्यातच कोणी ताजे खावे आणि कोणाला शिळे पुरे, हेही ठरलेले होते.

आता माझ्या घरी पोळ्या मोजून होतात. उरलीच एखादी, तर तिचे सकाळी सगळ्यांत वाटे होतात. ती कोणा एकाची नसते. कामाला येणाऱ्या ताईंना त्या दिवशीचीच पोळी ताटलीत वाढते. ही परतफेड आहे, असा माझा समज नाही. वाढताना हात एखाद्या वेळी डब्याच्या तळाकडे वळतो आणि तो मुद्दाम थांबवावा लागतो, हेही कबूल केले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीला पूर्ण उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते येथे देत आहे.