घाटाखालची गाडी

नव्या गाडीची पहिली सर्व्हिस हजारेक किलोमीटरला होते. वर्कशॉपमध्ये कुणी नटबोल्ट तपासतं, कुणी तेल-पाण्याची पातळी बघतं, पुस्तिकेत शिक्का बसतो आणि संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून घरी येते. त्या गाडीला विचारावं असं अजून काही घडलेलंच नसतं. जुनी गाडी घेतल्यावरची पहिली सर्व्हिस मात्र वेगळी. तिचं निम्मं आयुष्य आधीच होऊन गेलेलं असतं आणि त्यातलं आपल्याला ठाऊक असतं फार थोडं. आरसीवरची तारीख, मीटरवरचा आकडा आणि विकणाऱ्याचा शब्द, एवढंच.

आमची गाडी रत्नागिरीची. वॅगन आर, २०१४ ची, पेट्रोल, मीटरवर एकसष्ट हजारांचं रनिंग, एकाच मालकाच्या हातची. ते निवृत्त शिक्षक. गुडघे साथ देईनात म्हणून त्यांनी गाडी विकली. ती घाट चढून कोल्हापुरात आली, कागदोपत्री आमच्या नावावर झाली, अंबाबाईला नारळ ठेवून झाला, बॉनेटवर झेंडूचा हार पडला. राज्याच्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे पाटीवर अजून एमएच ०८ च आहे. सिग्नलला शेजारचा दुचाकीवाला हमखास विचारतो, "रत्नागिरीस्नं आलाय काय?" आणि खरं सांगायचं तर मलाही पहिले काही दिवस ती पाहुण्यांची गाडी आपण चालवतोय असंच वाटायचं. सीट मी पुढे ओढून घेतली, आरसे फिरवले, पण क्लच नेमका कुठे धरतो हे सरांच्या पायाला माहीत होतं, माझ्या पायाला नव्हतं.

कोल्हापुरात गाडी दाखवायची तर शिवाजी उद्यमनगरात. या वसाहतीनं शेताला पाणी पाजणारी ऑईल इंजिनं घडवली, आणि आजही इथल्या गल्ल्यांत लेथचा आवाज, वेल्डिंगचा निळा उजेड आणि तापल्या लोखंडाचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. आमचे मिस्त्री, त्यांना सगळे मामाच म्हणतात, लहानपणी ऑईल इंजिनाच्या दुकानात पाने उचलून द्यायला लागले आणि तिथून गाड्यांकडे आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नंबरप्लेटपाशी थांबले आणि म्हणाले, "चिपळूणची न्हाई न्हवं?"

"नाही मामा. रत्नागिरीची."

"गावातली का जिल्ह्यातली? एमएच आठ सगळ्या जिल्ह्याला लागतंय."

प्रश्नाचा रोख मला कळला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. माणसांच्या घरादाराबरोबर दारातल्या गाड्याही पाण्यात गेल्या. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं आम्हालाही तेच दाखवलं होतं. पुरात बुडालेली गाडी धुता येते, पॉलिश करता येते, तिला नवे सीट-कव्हर चढवता येतात. मग ती दूरच्या गावी, तो पूर न पाहिलेल्या माणसाला विकता येते. पाणी मात्र काही जागा सोडत नाही. मामांनी पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात पट्ट्याचा तो शेवटचा हात-दीड हात कधी बाहेर येतच नाही, म्हणून धुणाराही तिथं पोचत नाही. तिथं मातकट रेघ असली तर पुढं बोलायचं कारणच नाही. आमच्या पट्ट्याचा तो भाग कारखान्यातून आला तसा काळा कुळकुळीत होता. मग त्यांनी सीटखालच्या रुळांचे स्क्रू बघितले, गालिचाची कड उचलून खालचा नमदा हातानं दाबून पाहिला, डॅशबोर्डच्या पोटात बॅटरी मारून वायरींच्या जोडांवर हिरवा थर आहे का ते तपासलं. हे सगळं मान तिरकी करून, एक अक्षर न बोलता. शेवटी म्हणाले, "कोरडी हाय." या दोन शब्दांनी मला जो दिलासा दिला तो ट्रान्सफरच्या कागदानं दिला नव्हता.

"बुक हाय काय?"

पुस्तिका होती. त्यात सुरुवातीच्या फुकट सर्व्हिसचे शिक्के, त्यानंतर पानं कोरी. पण पुस्तिकेच्या आत एक शाळकरी वही होती, निळ्या शाईत, समास सोडून लिहिलेली. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. ऑईल आणि फिल्टर. बॅटरी. पुढचे पॅड. ४८,००० ला तिन्ही प्लग. एका ठिकाणी नुसतंच, "हॉर्न दुरुस्त. पाऊस." मामांनी वही वाचली नाही, माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तुम्ही वाचा, मी बघतो." मग मी एकेक नोंद वाचायची आणि ते बॉनेटखालून तिची साक्ष काढायचे, असं सुरू झालं.

प्लग काढले. तिन्हींची टोकं बिस्किटी रंगाची. टोक काजळीनं काळं असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरंफटक असेल तर इंजिन कोरडं आणि गरम चालतंय. बिस्किटी म्हणजे आतला जाळ नेमका आहे. चेंबरचा नट सैल केला, इंजिनातलं जुनं तेल कोमट धारेनं खाली आलं. काळंच होतं. तेल काळं पडलं म्हणजे इंजिन बिघडलं असं पुष्कळांना वाटतं, पण काजळी स्वतःत ओढून घेणं हेही तेलाचं काम. मामांनी थेंब अंगठा-तर्जनीत चोळला आणि उजेडात धरला. त्यात धातूची चमक नव्हती, आणि तेल दुधाळही नव्हतं. दुधाळ असतं तर त्यात पाणी शिरलेलं असतं. नटाखालचं वॉशर त्यांनी नवं घातलं. ते एकदा आवळलं की चेपतं आणि दुसऱ्यांदा तितकंच घट्ट बसेल याची खात्री नसते. काही रुपयांची वस्तू, पण ती बदलणारा मिस्त्री आणि न बदलणारा मिस्त्री यांत मी आता फरक करायला शिकले आहे. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला त्यांनी बोटानं ताजं तेल लावलं आणि तो पाना न लावता हातानंच पिळून बसवला. काढलेलं तेल डब्यात गेलं. ते गटारात सोडायचं नसतं, परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडे द्यायचं असतं, आणि मामांच्या गॅरेजमागे त्यासाठी वेगळं पिंप आहे.

एअर फिल्टर उघडला तर त्याच्या घड्यांत तांबडी धूळ होती, जांभ्याची. कोल्हापूरच्या काळ्या मातीत राहून ती धूळ तिथं बसली नसती.

टायरच्या बाजूवरच्या कोडात शेवटचे चार आकडे तारखेचे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर वहीतल्या तारखेशी जुळले. स्टेपनी गाडीबरोबरचीच, २०१४ ची, क्वचितच जमिनीला लागलेली, नक्षी शाबूत. तरी मामांनी ती बाद केली. रबर न चालताही म्हातारं होतं, कडांना बारीक भेगा पडल्या होत्या.

मीटर मागे फिरवण्याचे प्रकार आपण ऐकतो, म्हणून एकसष्ट हजारांवर माझा विश्वास अर्धामुर्धाच होता. पण पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हरच्या सीटची उतरायच्या बाजूची कड, प्लग, टायर आणि ती वही, या सगळ्यांनी एकच आकडा सांगितला. एखाद्या अनोळखी माणसानं आपण बघणार आहोत हे माहीत नसताना इतकं नेकीनं काही जपलेलं असावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. सरांनी ती वही गिऱ्हाइकाला दाखवायला लिहिली नव्हती. व्यवहार ठरला त्या दिवशी त्यांनी तिचा उल्लेखही केला नाही.

जपलेली गाडी म्हटली की भारतातली पहिली मारुती ८०० आठवते. तिची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाली. डीआयए ६४७९ ही ती गाडी. २०१० मध्ये ते वारले तोवर त्यांनी ती विकली नाही. तिच्यावर लोकांनी भरभरून लिहिलं आणि ते योग्यच आहे. पण मला वाटतं, जी गाडी एक दिवस दुसऱ्याच्या हाती जाणार हे माहीत आहे तीही तितक्याच निगुतीनं ठेवणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत, आणि त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं कुणाला काही दिसत नाही.

वहीत एकच पोकळी सापडली. ब्रेक ऑईलची शेवटची नोंद २०१८ ची. मामांनी टाकीचं झाकण उघडलं आणि आतलं तेल मला दाखवलं. नवं असताना फिकट पिवळसर असतं, हे कोऱ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, रबरी नळ्यांतूनही शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. त्यातून गाडी समुद्राकाठची. मानकानुसार कोऱ्या डॉट-३ तेलाला उकळायला किमान २०५ अंश लागतात. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. शहरात याचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो घाटात. आंबा सोडून साखरप्याकडे उतरताना एकामागून एक वळणं येतात, पाय ब्रेकवरून निघत नाही, पॅड तापतात, ती उष्णता तेलात उतरते आणि त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते. तेल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दबते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनानं गाडी धरली की ब्रेकला दम मिळतो.

"बसा ताई आत," मामा म्हणाले. गॅरेजमधलं पोरगं टाकीत नवं तेल ओतत उभं राहिलं, मामा मागच्या चाकापाशी बसले, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. "दाबा. दाबा. धरा." मी पेडल दाबून धरलं. त्यांनी पाना फिरवला आणि पेडल माझ्या पायाखालून सावकाश खाली गेलं. "सोडू नका... हां, सोडा." पुन्हा तेच. आरशातून मला नुसता त्यांचा खांदा दिसत होता, पण त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल माझ्या तळव्याला कळत होती. बाटलीत आधी काळसर तेल आलं, मग बुडबुडे, मग फिकट होत होत स्वच्छ धार. एका चाकाचं झालं की दुसरं. चौथं चाक होईतो पेडल वरच्या वर, दगडासारखं नव्हे तरी खंबीर लागायला लागलं होतं. त्या तासाभरात मला या गाडीतली एक वाट माझ्या पायापासून चाकापर्यंत कळली, आणि गाडी माझी झाली असेल तर ती तिथं झाली. नारळानं आणि हारानं ते झालं नव्हतं.

खाली गंज होता, थोडा. खाऱ्या हवेतल्या गाडीला तो असायचाच. मामांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठिकठिकाणी वाजवून पाहिला. खणखणीत आवाज म्हणजे पत्रा जिवंत, बद्द आवाज म्हणजे आतून खाल्लेला. एकच जागा बद्द वाजली, डाव्या मागच्या दाराची खालची कड. दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी त्यांतून निघून जावं म्हणून. ती माती-पाचोळ्यानं बुजली की पाणी दारातच राहतं आणि पत्रा आतून सडायला लागतो. मामांनी तारेनं चारही दारांची भोकं मोकळी केली. त्या एका दारातून तांबडं पाणी टपटपत राहिलं. एवढी मोठी गाडी, आणि तिचं आयुष्य काडीएवढ्या भोकावर.

पुढच्या लोअर आर्मचे बुश जरा गेलेत, पण घाई नाही, पावसाळ्यानंतर करू, असं म्हणून मामांनी हात कॉटन वेस्टला पुसले. मी वहीत सरांच्या शेवटच्या नोंदीखाली सगळं लिहिलं, समास सोडून.

संध्याकाळी सरांना फोन केला. गाडी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही, थेट म्हणाले, "ब्रेक ऑईल बघितलंत का? २०२० मध्ये करायचं होतं, तेव्हा सगळंच बंद. मग गाडी फारशी बाहेरच पडली नाही, आणि ते राहिलं. सांगायचं मनात होतं, नेमकं विसरलो." बदललं म्हटल्यावर मोकळे झाल्यासारखे बोलायला लागले. वायपरखालच्या जाळीत फणसाची पानं अडकतात, ती काढत जा. डावं मागचं दार थोडं उचलून लावावं लागतं. मी त्यांना बुशांचं सांगितलं.

"पावसाळ्यानंतर? नको हो. पावसात खड्डे दिसत नाहीत. आत्ताच करून घ्या. तुमच्या मिस्त्रींना माझं नाव सांगा हवं तर."

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरात जाऊन मामांना तसंच सांगितलं. ते कुणाच्या तरी गाडीखाली होते. क्षणभर पान्याचा आवाज थांबला.

"मास्तरांचं बराबर हाय," आतून आवाज आला. "सोमवारी सुट्टी. मंगळवारी घिऊन या."