पाळकांच्या घरातली बाई

कुठलाही फॉर्म भरताना आई ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिते. मला ते पटत नाही. गेली तीस वर्षं तिने संडेस्कूल घेतलं, महिला मंडळाचे हिशेब ठेवले, प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापड धुऊन इस्त्री केलं, आणि मयताच्या घरी बाबांच्या आधी पोचून चहा ठेवला. पगार एकट्या बाबांचा. आमच्या आयटीत फुकट काम करणाऱ्याला निदान इंटर्न तरी म्हणतात!

या कामाचा साचा पाडला विटेनबर्गच्या काथारिना फॉन बोराने. ती 1523 मध्ये कॉन्व्हेंटमधून पळालेली जोगीण, 1525 मध्ये मार्टिन ल्यूथरची बायको झाली. तिच्याआधीही काही सुधारकांनी लग्नं केली होती, पण सगळ्यांच्या डोळ्यांवर आला तो हाच संसार. रिकाम्या झालेल्या मठात तिने घर मांडलं, विद्यार्थी पैसे घेऊन जेवायला-राहायला ठेवले, बिअर गाळली, शेती आणि गुरं सांभाळली. ल्यूथरचा हात देताना सैल, त्यामुळे हिशेब तिच्याकडे. 1542 च्या मृत्युपत्रात त्याने तिलाच मुख्य वारस केलं. पण 1546 मध्ये तो गेल्यावर कायदा आडवा आला: विधवेला आणि मुलांना पालक नेमायला हवेत म्हणे. एवढं खटलं चालवणाऱ्या बाईला पालक!

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरोबर नव्हत्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. अशा वैराग्याचं कौतुक सगळे करतात, किराण्याचं कुणी विचारत नाही. ‘स्मृतिचित्रे’त मात्र ती ओढाताण आहे, आणि तीही हसत हसत सांगितलेली. नवऱ्यामागे ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरं केलं.

माझी आई काही लिहीत नाही. येत्या मे महिन्यात बाबा निवृत्त होतायत. चर्चचा बंगला रिकामा करायचाय. आत्तापर्यंत सहा बंगले झाले. प्रत्येक ठिकाणी तिने कढीपत्ता लावला आणि तो पुढच्या पाळकांच्या घराला मिळाला. कर्ज काढून मी पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट बघतेय. बाबांनी हॉल मोजला, प्रार्थनेला पंधरा माणसं बसतील म्हणाले.

आईने एकच विचारलं, “अगं, दाराला आतून कडी आहे ना?”

बाबा हसले. ती नाही हसली.