चहा घेऊन बसतोच

जुलै उजाडला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला वर्षातून एक तरी पक्की मुदत लागली. लक्ष्मीपूजन काही पुढे ढकलता येत नाही. संपादक १५ ऑगस्ट सांगतो, लेखक मनात गणेशोत्सव धरतो. संपादकालाही ते ठाऊक असते. म्हणून तर तो १५ ऑगस्ट सांगतो.

*

लेख अडलेला असताना लेखकाच्या घरी काय काय होते ते पाहण्यासारखे. पुस्तकांचे कपाट विषयवार लागते. माळा स्वच्छ होतो. विजेचे बिल मुदतीच्या आठ दिवस आधी भरले जाते. आळशी माणूस यातले काही करत नाही. तो पडून राहतो आणि सुखात असतो. चालढकल करणारा दिवसभर राबतो, एक काम सोडून, आणि वर सुखातही नसतो. दोघांना एकच शिवी देणे अन्याय आहे.

*

स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी १९९६ साली यावर एक छोटासा निबंध लिहिला. कामांच्या यादीत सर्वांत वर एखादे भारदस्त काम लिहा, जे दिसते तितके निकडीचे नाही. ते टाळता टाळता खालची सगळी कामे उरकतील. २०११ साली त्यांना या निबंधासाठी साहित्याचे इग नोबेल मिळाले. युक्ती चालते. स्वतःला फसवता यायला हवे एवढेच, आणि ती कला आपल्यापाशी असतेच.

*

मग टाळतो ते नेमके काय? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या फ्युशिया सिरॉय यांचे म्हणणे मला पटते: आपण काम टाळत नाही, कामाला हात लावताना जे वाटते ते टाळतो. कंटाळा, धास्ती, आपण उघडे पडू ही शंका, लादलेल्या कामाचा राग. ‘उद्या बघू’ म्हटले की क्षणात हलके वाटते. हे हलके वाटणे हीच लाच. एकदा मिळाली की मन पुन्हा तीच वाट धरते. वेळापत्रक रंगीत केल्याने हे सुटत नाही, कारण मुळात दुखणे वेळेचे नाही.

*

वारसनोंदीचे उदाहरण घ्या. वडील गेले, शेत त्यांच्या नावावर. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचे. अर्ज काही महाभारत नव्हे. आता ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो. तरीही गावोगाव सातबाऱ्यावर गेलेल्या माणसांची नावे वर्षानुवर्षे तशीच. विचारले तर उत्तरे ठरलेली: तलाठी भेटत नाही, सर्व्हर बंद होता, सुगी आटोपू दे.

यातले काही खरेही असते. पण फाइल उघडली की वर वडिलांची सही दिसते, आणि फाइल मिटते. त्याहून मोठी अडचण वारसांच्या यादीत असते. तिथे बहिणींची नावे लिहावीच लागतात. मुलींचा वाटा मुलांइतकाच. मग हक्कसोडपत्राचा विषय कोण काढणार? काढावा की काढू नये? ताई काय म्हणेल, आणि ताईपेक्षा दाजी काय म्हणतील? दोन भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि म्हणतात, दिवाळीनंतर बघू.

म्हणजे अडलेला अर्ज नाहीच. एक बोलणे अडले आहे. यादीत ‘सातबारा’ असे लिहून ठेवले तर ते दहा वर्षे तिथेच राहील. ‘ताईला फोन’ असे लिहिले तर निदान आपण कशाला घाबरतो आहोत ते तरी कागदावर येते.

*

त्या फोनला वेळही बांधावी. ‘लवकरच’ नको. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलेली साधी रीत: अमुक झाले की तमुक करायचे. रविवारी जेवणे आटोपली, ताटे उचलली की ताईला फोन. रोज होणाऱ्या गोष्टीच्या शेपटीला नवे काम बांधायचे. ऐकायला पोरकट वाटते. पण त्या घटकेला ‘करू की नको’ हा खल पुन्हा करावा लागत नाही, आणि घात त्या खलातच होतो.

*

‘शेवटच्या क्षणी माझे डोके चालते’ म्हणणाऱ्यांसाठी: डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे मजेत होते. शेवटी त्यांचाच ताण जास्त, आजारपणेही जास्त, आणि गुण कमी.

*

दोस्तोयेव्हस्कीची गोष्ट नेहमी चुकीच्या कारणासाठी सांगितली जाते. १८६५ साली त्याने स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी जाचक करार केला: पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षे त्याचे लेखन फुकटात छापायचा हक्क प्रकाशकाचा. १८६६चा ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरीचा पत्ता नव्हता. मग सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ पूर्ण झाली. लोक म्हणतात, बघा, मुदतीची भीती! अहो, भीती तर वर्षभर होतीच. ऑक्टोबरात नवीन काय घडले असेल तर अॅना नावाची तरुण लघुलेखिका रोज ठरल्या वेळी दारात येऊ लागली. समोर माणूस वही उघडून बसले की बोलावेच लागते. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केले, हा भाग अर्थात सर्वांना जमणार नाही.

*

चालढकलीवर आपल्या घरांतला जालीम उपाय म्हणजे बोलणी. बाहेरची संपली की आपण स्वतःला घालू लागतो. कार्लटन विद्यापीठातला २०१० सालचा अभ्यास उलटे सांगतो. पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी ती कमी केली. यात नवल नाही. अपमानाची आठवण चिकटलेल्या पुस्तकाला कोण हात लावील?

*

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

*

एक फरक मात्र ध्यानात असावा. एक काम टाळून दहा कामे करणारा माणूस वेगळा. आणि आठवडेच्या आठवडे कोणतेच काम होत नाही, झोप उडाली आहे, आवडीचे गाणेही नको वाटते, अशी स्थिती वेगळी. ती चालढकल नाही, नैराश्य असू शकते. तिथे वरची एकही युक्ती पुरत नाही, डॉक्टरच लागतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत लागतो, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येते.