दोघांचं घर

देगलूरच्या बाजूला अजून एखादं माळवदाचं घर दिसलं की पाय थबकतात. लाकडी तुळयांवर दाटीनं बसवलेल्या फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि वैशाखातल्या दुपारीही आत शिरताच अंगाला लागणारा गारवा. हा मुलूख तीन भाषांचा. पूर्वेला गेलं की घराचं तेलुगू इल्लू होतं, दक्षिणेला बिदरकडे वळलं की कन्नड मने. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन देवळांतले शिलालेखही कन्नडमध्ये आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं तेलुगू मुलखाला जोडली गेली. घराला इतकी नावं असलेल्या या भागात मला नेहमी एका दूरच्या नावाची आठवण येते.

रशियन, पोलिश, सर्बियन माणूस घराला ‘दोम’ म्हणतो. हा शब्द आपल्याला परका नाही. वेदांत घरासाठी ‘दम’ असा शब्द आहे. तो श्वासाचा दम नव्हे, धाकाचाही नव्हे. दोमचा सख्खा भाऊ. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी आपल्या दमात, म्हणजे स्वतःच्या घरात, वाढतो. लॅटिनमधला ‘दोमुस’ याच कुळातला. आणि गंमत अशी की आपलं ‘गृह’ स्लाव्ह लोकांकडे ‘ग्राद’, ‘गोरोद’ होऊन शहरांच्या नावांत राहिलं. बेलग्रेडमधलं ग्रेड ते हेच. कुंपण घातलेली जागा हा त्यामागचा जुना अर्थ. तिकडे कुंपणात नगर वसलं, आपल्याकडे कुटुंब.

घर हा शब्द रुळला तसा दम बोलण्यातून गेला. पण जाता जाता एका शब्दात मुक्काम ठेवून गेला: दंपती. सत्यनारायणाच्या पाटावर बसणारं दांपत्य त्याच दमाचं नाव सांगतं. दंपती म्हणजे दमाचे, घराचे धनी. हाच जोडशब्द ग्रीकांकडे ‘देस्पोतेस’ झाला, घराचा मालक झाला, आणि पुढे युरोपच्या भाषांत त्याचाच निरंकुश हुकूमशहा झाला. वेदांत एकट्या गृहस्वामीलाही दंपती म्हटलेलं आहे. पण संस्कृतात द्विवचन आहे, आणि त्या द्विवचनात नवरा-बायको दोघंही धनी ठरले. आपल्याकडे टिकला तो हा दोघांचा अर्थ. एकाच बीजातून तिकडे सत्ता उगवली, इकडे सोबत. मला या अर्थाचा फार अभिमान वाटतो, आणि म्हणूनच त्याचा विसर पडलेला सोसत नाही.

कारण माळवद राखलं कुणी? बाईनं. भुई सारवली तिनं, भिंतीला पोतेरं दिलं तिनं, पावसाळ्याआधी छतावर घालायच्या पांढऱ्या मातीची पाटी डोक्यावर वाहिली तिनं. सासरी आली तेव्हा कुणी इल्लू म्हणत आली, कुणी मने म्हणत. महिन्याभरात तिची जीभ घर म्हणू लागली. घर तिच्या अंगवळणी पडलं, कागदावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव राहिलं, पुरुषाचं.

आता ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, नवरा-बायको दोघांची नावं लावण्याची तरतूद आहे. घरकुलही शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. कुणाला ही सरकारी कागदपत्रांची बाब वाटेल. मला तो आपल्याच भाषेनं हजारो वर्षं जपलेला हक्क वाटतो. लग्नपत्रिकेवर आपण दांपत्यासाठी हौसेनं आशीर्वाद मागतो. त्या शब्दाचा मान राखायचा असेल तर अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जावं आणि तिचं नाव लावून घ्यावं. द्विवचन मराठीत उरलं नसेल. घराच्या उताऱ्यावर ते पुन्हा आणता येतं.