चार गल्ल्यांपुरती कीर्ती

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ज्याची हयात गेली, त्याच्यावर निवृत्तीनंतर श्वानांच्या स्नानाची आणि केशकर्तनाची जाहिरात लिहिण्याचा प्रसंग येईल, असे भाकीत एखाद्या ज्योतिष्याने केले असते, तर मी त्याची दक्षिणा खचितच रोखून धरली असती. परंतु पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझ्या पुतणीने कुत्र्यामांजरांना अंघोळ घालण्याचे, त्यांची नखे कापण्याचे आणि मालक परगावी गेले असता त्यांना सांभाळण्याचे लहानसे दुकान थाटले, आणि "काका, तुमचं मराठी चांगलं आहे, इन्स्टाग्रामचं तेवढं तुम्ही बघा," असे सांगून ते खाते माझ्या स्वाधीन केले.

माझ्यापूर्वी या प्रसिद्धीचा मक्ता एका उत्साही तरुणाकडे होता. 2020 साली टिकटॉकवर बंदी आल्यानंतर थोड्याच दिवसांत इन्स्टाग्रामवर जे रील सुरू झाले, त्यांच्या सामर्थ्यावर त्याची अढळ श्रद्धा होती. त्याने एका पॉमेरेनियनला ब्लोअरसमोर उभे करून, डोळ्यांवर चष्मा चढवून आणि पाठीमागे चित्रपटगीत लावून जे रील प्रसृत केले, ते लखनौ-जयपूरपर्यंतच्या सहस्रावधी लोकांनी पाहिले व हसून हसून वाखाणले. मला मात्र ते पाहवले नाही. तो जीव वारंवार ओठ चाटत होता, झोप आलेली नसता जांभया देत होता आणि मान फिरवून डोळ्यांतल्या पांढऱ्याची कोर दाखवीत होता. कुत्रे भेदरल्याची ही लक्षणे ज्याच्या घरी कुत्रे आहे त्याला ठाऊक असावीत, पण मोबाइल हाती आला की माणसाचे निरीक्षण कोठे जाते कोण जाणे! शिवाय जयपूरचा रसिक आपले कुत्रे नखे कापायला वडगावच्या पुलापर्यंत आणणार नव्हता, हा साधा हिशेब त्या वाखाणणीच्या गदारोळात कोणी मांडलाच नव्हता.

मी कारकुनी सवयीने प्रथम दप्तर तपासले. म्हणजे दुकानाच्या व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न एका वहीत उतरवून काढले. पावसाळ्यात गोचीड फार होतात, काय करावे? आमचाच शाम्पू त्याला चालेल काय? उन्हाळ्यात हस्कीचे केस पार उतरवावेत काय? जाहिरातीचा खरा मजकूर या वहीतच होता. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते थंडीप्रमाणेच उन्हापासूनही त्याचे रक्षण करतात आणि एकदा मुळापासून उतरविले तर पूर्ववत येतीलच असा भरवसा नसतो, एवढाच खुलासा मी एका छायाचित्राखाली लिहिला, तेव्हा एक गृहस्थ तो मजकूर दाखवीत दुकानात आले आणि केस न कापता केवळ विंचरून घेऊन गेले. दिवाळीपूर्वी लिहिले की, मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, तर कुत्र्याचा सुमारे 45,000 पर्यंत. म्हणून फटाक्यांच्या दिवसांत त्याला अंधार पडण्यापूर्वीच फिरवून आणावे, खिडक्या लावून घ्याव्यात आणि पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. हा मजकूर आसपासच्या सोसायट्यांच्या गटांतून आपोआप फिरला.

व्हॉट्सॲपच्या एका नियमाने मात्र मला खात्यातल्या दिवसांचे स्मरण झाले. ज्या गिऱ्हाइकाने दुकानाचा क्रमांक जतन करून ठेवलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट यादीतून धाडलेला संदेश पोहोचतच नाही; अपुऱ्या पत्त्याच्या नोटिशीसारखा तो वाटेतच राहतो. तेव्हापासून पैसे घेतानाच क्रमांक जतन करून घेण्याची विनंती करावी, असा शिरस्ता आम्ही घातला. गूगलच्या नकाशावर दुकानाची वेळ अचूक ठेवली; अभिप्राय मागितले, पण सवलतीचे आमिष दाखवून ते मिळवले नाहीत, कारण गूगललाही ते मंजूर नाही. पैसे भरून जाहिरात केली तीही दुकानापासून थोड्या किलोमीटरांच्या वर्तुळापुरती. आणि दर उघड लिहिले. 'दरासाठी मेसेज करा' ही लपाछपी कोणी आणि का रूढ केली असेल ते असो. सभ्य माणूस त्यामुळे विचारण्यापूर्वीच मागे फिरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

छायाचित्रासाठी मालकाची लेखी संमती घ्यावी, घराचा नामफलक चित्रात येऊ देऊ नये, भेदरलेल्या प्राण्याचे चित्रण मुळीच करू नये, हे नियम पुतणीने कागदावर लिहून भिंतीवर लावले आहेत. तो तरुण अधूनमधून येतो आणि आमच्या खात्याची दर्शकसंख्या पाहून हळहळतो. त्याची हळहळ प्रामाणिक आहे, परंतु दिवाळीच्या सुटीत प्राणी सांभाळण्याच्या आमच्या जागा वसुबारसेच्या पुष्कळ आधी भरतात, आणि त्या भरणारी बहुतेक मंडळी याच चार गल्ल्यांतली असतात.