दसऱ्याआधी बीडची एक खेप

मंडळी, पाटोद्याहून बीडला सकाळच्या एस.टी.ने कधी गेला आहात? नसाल तर भाद्रपदात एकदा जा. बालाघाटच्या माळावर पिके उभी असतात, हवा गार असते. मांजरसुंब्याच्या चौकात गाडी डावीकडे वळते. मन्मथस्वामींचे कपिलधार इथून जवळच. घाट उतरला की पालीला बिंदुसरेचा तलाव दिसतो आणि पाठोपाठ बीड येते. कंकालेश्वराचे पाण्यात उभे असलेले जुने देऊळ जरूर पाहा. पण आधी आर.टी.ओ. कचेरीतले काम उरका.

तुम्ही म्हणाल, देवदर्शनाच्या वाटेवर कचेरीचे काय काढले? सांगतो.

दसरा झाला की शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड, त्यावर लेकरे. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत गावाचे तोंड दिसत नाही. निघण्याआधी ट्रॅक्टरवाला टायर बघतो, ट्रॉलीचा हूक बघतो, मुकादमाशी उचलीचा हिशेब करतो. खिशातल्या परवान्याची तारीख मात्र बघत नाही. ती पौषात संपणार असेल तर? फडावरून परत कोण येणार?

पूर्वी मुदत संपल्यावरही 30 दिवस परवाना चालत असे. ही गोष्ट अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. पण 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती सवलत गेली. मुदतीनंतर वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो हे खरे. पण त्या काळात गाडी चालवण्याची मुभा नाही. वर्ष उलटले तर वाहन चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

चांगली गोष्ट अशी, की मुदत संपण्याच्या वर्षभर आधीही अर्ज करता येतो. म्हणजे तारीख हंगामात पडत असली तरी काम पावसाळ्यातच उरकता येते. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. अंबाजोगाई, परळीकडच्या मंडळींना बीड दूर पडते; त्यांच्यासाठी अंबाजोगाईला कचेरी आहे. गाडीच्या नंबरात बीडचा आकडा 23, अंबाजोगाईचा 44.

दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेला साधा परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो, तिशी ते पन्नाशीत काढलेला 10 वर्षे. मालवाहू ट्रकवाल्यांचा मात्र 5 वर्षांनीच संपतो. म्हणून शेजाऱ्याच्या तारखेवरून आपली ठरवू नका.

मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवताना सापडलात तर 5000 रुपये दंड आहे, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही त्यातून सुटत नाही. पण दंड एकवेळ भरता येईल. अंधाऱ्या रस्त्यावर उसाची ट्रॉली कोणाला लागली तर काय कराल? सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या निकालाप्रमाणे विमा कंपनीला जखमींना भरपाई द्यायला लावतात. पण परवान्याच्या बाबतीत मालकाची हयगय सिद्ध झाली, तर ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. दोन-चार एकर कोरडवाहू असणाऱ्याने ती कुठून आणावी? सहा महिने घाम गाळून जे मिळवले ते तर जाईलच, जमिनीवरही पाळी येईल.

तेव्हा आज दिवेलागणीला एवढे करा. घरात वाचणाऱ्या लेकीला परवाना द्या, तारीख मोठ्याने वाचायला सांगा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. तारीख पट्टा पडण्याच्या आत येत असेल, तर उद्याच बीडची एस.टी. धरा. येताना कंकालेश्वराचे दर्शनही होईल.