नीरेची उजवी बाजू

भूगोल शिकवणाऱ्याला नातेपुत्यात नकाशाची फारशी गरज पडत नाही. पोरांना गच्चीवर न्यावं, पुरे. नैऋत्येला शिखर शिंगणापूरचा डोंगर, उत्तरेला उतार संपतो तिथे नीरा, मधे आपण. जिल्ह्याच्या नकाशावर मात्र सगळ्यांत जाड रेघ नदीची. अलीकडे सोलापूर, पलीकडे पुणे. ही रेघ मला कायम चुकीच्या जागी ओढल्यासारखी वाटते.

नीरा उगवते भोर तालुक्यात, वरंध घाटाजवळ शिरगावला. तिथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आमच्या माळशिरस तालुक्यात पाचशेच्या आगेमागे. नदी आमच्या शिवेवरून वाहते, पाणी घाटमाथ्याचं. भोर तालुक्यातून बाहेर पडता पडता, पुणे-सातारा रस्त्यावरच्या सारोळ्याच्या पुलाशी, ती दोन जिल्ह्यांची हद्द झालेली असते. पुढे भीमेपर्यंत बहुतेक ठिकाणी तिच्याकडे हेच काम आहे. 1948पर्यंत फलटणच्या टप्प्यात ही हद्द आणखी कडक होती. उजव्या काठाला निंबाळकरांचं फलटण संस्थान, डाव्या काठाला इंग्रजी मुलूख. संस्थान गेलं, रेघ राहिली.

नदीला हद्द करण्याची हौस राज्यकर्त्यांना सगळीकडे आहे. 1816मध्ये सुगौलीच्या तहाने काली नदी नेपाळची पश्चिम सीमा ठरली आणि तिचा खरा उगम कोणता यावर भारत-नेपाळचा वाद अजून चालू आहे. नीरेच्या उगमावर कुणी दावा लावलेला नाही. इथे वाद मळईचा. पुरात एका काठाची माती जाते, दुसरीकडे मळई साठते. 1966च्या जमीन महसूल संहितेत त्यासाठी कलमं आहेत, ती वाचायला सोपी आणि काठावर लावायला अवघड.

पण उन्हाळ्यात नदीकाठी जाऊन बघा. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या एकाच डोहात दोन्ही काठांच्या मोटारी सोडलेल्या असतात. बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) कधी टाकायचे, कधी काढायचे यावर पुणे विरुद्ध सोलापूर असं भांडण मी ऐकलेलं नाही. भांडतात ते वरच्या बंधाऱ्याचे आणि खालच्या बंधाऱ्याचे, आणि दोन्हीकडे दोन्ही जिल्ह्यांची माणसं असतात.

माणसं वेगळी करणारी रेघ दुसरीच आहे: नीरेचा उजवा कालवा. भाटघर-वीरचं पाणी घेऊन तो समपातळी धरत फलटणवरून माळशिरसमध्ये येतो. पाटाचं पाणी उतारानेच जाणार, त्यामुळे कालवा आणि नदी यांच्यामधे ऊस, केळी. कालव्याच्या वरच्या अंगाला बाजरी, मटकी, मेंढरं. सासवडकडचे माळी शेतकरी आपलं गाव सोडून अकलूजजवळ माळीनगरला आले आणि 1930च्या दशकात त्यांनी साखर कारखाना उभा केला, तो या रेघेच्या खालच्या बाजूला. उपसा आणि शेततळ्यांनी ती आता जरा पुसट झालीय. तरी सोयरीक जमवताना ‘रान पाटाखाली आहे का?’ हा प्रश्न येतोच. जिल्हा कुणी विचारत नाही. (विचारावा तरी का? आमचा तालुकाच एकोणिसाव्या शतकात साताऱ्यातून सोलापुरात आला.)

तिसरी रेघ डोंगरमाथ्याची, आणि माझ्या लेखी तीच निसर्गाची हद्द. चैत्रात सासवडची तेल्या भुत्याची कावड कोथळ्याकडून मुंगी घाटाने शिंगणापूरला चढते तेव्हा तिच्यात कऱ्हेचं पाणी असतं. अवघड कडा, वर ओढणाऱ्या माणसांची साखळी, ‘हर हर महादेव’चा गजर. कऱ्हा सोनगावला नीरेत मिळते. तिचं कावडीतलं पाणी मात्र नीरा ओलांडून तिच्याच पाणलोटाच्या शेवटच्या काठावर येतं.

त्या काठापलीकडचा पाऊस माणगंगेचा. नीरा भीमेला मिळते नरसिंहपुरात, पंढरपूरच्या वर. माण मिळते सरकोलीजवळ, पंढरपूरच्या खाली. म्हणजे माथ्याच्या उत्तरेचं पाणी चंद्रभागेच्या वाळवंटावरून जातं, दक्षिणेचं पंढरी चुकवून. नातेपुते उत्तर उतारावर आहे.